पन्हाळा ते पावनखिंड मोहीम काढणाऱ्या सगळ्या ग्रुपना खुलं पत्र : निघायच्या आधी गड तरी बघा की राव

आयोजक मंडळी, अ‍ॅडमिन मंडळी आणि ज्यांच्या ज्यांच्या फोटोसकट पोस्टर निघतं त्या सगळ्यांना जय शिवराय.

जून लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर तुमची पोस्टरं यायला सुरवात होते. मागे काळे ढग, मशाली, मधे महाराजांचं चित्र, खाली फी आणि फीमध्ये काय काय मिळणार त्याची यादी, टीशर्ट, दोन वेळचं जेवण, सर्टिफिकेट. आणि वेळापत्रकाची पहिली ओळ कुठल्याही ग्रुपची घ्या, साधारण एकच. सकाळी 7 वाजता पन्हाळा, बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार, 8 वाजता प्रस्थान. म्हणजे पन्हाळ्याच्या वाट्याला एक तास, त्यातला अर्धा बॅनर सरळ धरण्यात आणि उरलेला कोण आलं कोण राहिलं हे मोजण्यात. लग्नाला जायचं आणि मांडवाच्या दारातच आहेर देऊन परत फिरायचं, तसं झालं हे.

आधीच सांगतो, मोहिमेला माझा विरोध नाही, कुणी तसं समजून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका. शहरातली पोरं, आयुष्यात कधी बांधावर पाय ठेवला नाही अशी, ती भर पावसात मसाई पठार तुडवत जातात, कुंभारवाडी खोतवाडीला ओल्या कपड्यात कुडकुडत चहा पितात, जळवा काढतात, एकमेकाला हात देऊन ओढे ओलांडतात, हे चांगलंच आहे आणि दरवर्षी व्हावं. मी कोल्हापूरचा, घरी पाहुणे आले की त्यांना पन्हाळा फिरवून आणायचं काम वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात, त्यामुळे तुमच्या बसगाड्या आलेल्या पण बघतो आणि तासाभरात रिकाम्या झालेल्या पण बघतो. माझं म्हणणं त्या एका तासाबद्दल आहे.

तुम्ही पोरांना जी गोष्ट सांगता ती एका रात्रीची आहे. 12 जुलै 1660, आषाढी पौर्णिमा, म्हणजे चंद्र होता पण ढगांच्या मागे, सहाशे मावळे, पालखी, मागे सिद्दी मसूद, मग घोडखिंड, बाजीप्रभू, विशाळगडाच्या तोफा. ही गोष्ट महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला येते. पण ह्या रात्रीच्या आधी चार महिने आहेत आणि ह्या रात्रीच्या नंतर दोन महिने आहेत, आणि ते सगळे ह्या गडावर गेलेत, आणि त्या सहा महिन्यांबद्दल तुमच्या मोहिमेत कुणी चकार शब्द काढत नाही. तुम्ही सगळे निघून जाणाऱ्यांबरोबर निघता. जे मागे राहिले त्यांच्याकडे कोण बघणार?

जरा मागून येतो. अफजलखान पडला 10 नोव्हेंबर 1659 ला आणि 28 नोव्हेंबरला, म्हणजे 18 दिवसांत, पन्हाळा स्वराज्यात आला. आदिलशाहीला हे झोंबणारच होतं कारण हा काय कोपऱ्यातला टेहळणीचा गड नव्हता, कोल्हापूर भागाची सगळी सत्ता ज्याच्याकडे पन्हाळा त्याच्याकडे असा हिशोब आधीपासूनचा. मार्च 1660 च्या सुरवातीला महाराज गडावर आले आणि पाठोपाठ सिद्दी जौहर वेढा घालून बसला, बरोबर अफजलखानाचा मुलगा फाजलखान, म्हणजे त्याला तर बापाचं उट्टं काढायचं होतं. तिकडे पुण्यात शाहिस्तेखान येऊन पडलेला, जूनमध्ये त्याने चाकणला वेढा दिला. नेतोजी पालकरांनी बाहेरून सिद्दीचा वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो काही यशस्वी झाला नाही. त्यात राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आला आणि स्वतःचं निशाण फडकवून गडावर गोळे टाकायला लागला (पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटून आणि ह्या साहेबाला कैदेत टाकून त्याचं बिल चुकतं केलं, ते वेगळं). आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाऊस. पाऊस सुरू झाला की वेढा ढिला पडतो असा तेव्हाचा सगळ्यांचा अनुभव, त्या भरवशावर दिवस काढलेले, तर सिद्दीने सैन्यासाठी छपरं उभी करून घेतली आणि तो हललाच नाही. ज्याने पन्हाळ्यावरचा जुलै बघितलाय, समोरचा माणूस दिसत नाही असलं धुकं आणि आडवा पाऊस, त्यालाच ह्या हट्टाची किंमत कळेल.

आता प्रश्न साधा आहे. चार महिने बाहेरून दाणा आत येत नाही, मग आतली माणसं खात काय होती आणि पीत काय होती? ह्याचं उत्तर पुतळ्यापाशी मिळत नाही, ते अंबरखान्यात आणि अंधारबावीत मिळतं आणि दोन्ही ठिकाणी तुमचे ग्रुप जात नाहीत.

अंबरखाना म्हणजे धान्याची कोठारं. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन नावं. त्यातली गंगा कोठी सगळ्यात मोठी, आत शिरलं की आधी डोळ्यांना काहीच दिसत नाही, मग हळूहळू जाड जाड कमानी दिसायला लागतात, एकामागे एक, आणि वर छताला ठरावीक अंतरावर भोकं, तेवढ्यातूनच उजेड खाली पडतो. ती भोकं उजेडासाठी नाहीत. बाहेरून दगडी जिना सरळ छतावर जातो, वर चढून पोती त्या भोकातून रिकामी करायची, धान्य आपोआप खालच्या खणात जाऊन पडतं, ना आत पोती उचलून न्यायची भानगड ना दार सारखं उघडायची. असे 16 खण. भात, नाचणी, वरी हे इथं साठवायचे, आणि तिन्ही कोठ्या मिळून 25,000 खंडी धान्य मावायचं असं सांगतात. पोरांना एकदा फक्त त्या भोकाखाली उभं करा आणि वर बघायला लावा. चार महिने हा गड का पडला नाही हे मग भाषण न करता कळतं, उलट तिथं भाषण करूच नका, आवाज घुमतो आणि एक शब्द नीट ऐकू येत नाही.

अंधारबाव तर माझी सगळ्यात आवडती जागा. तीन मजली इमारत, बाहेरून बघितलं तर काळ्या दगडाचं एक साधं बसकं बांधकाम, कुणी न सांगता गेलं तर पुढे निघून जाईल. सगळ्यात खाली विहीर, वर पहाऱ्याची आणि राहायची जागा, आणि तटाच्या बाजूला खिडकी, जिथून बाहेर नजर ठेवता येते आणि वेळ आली तर निसटता पण येतं. म्हणजे विहिरीलाच एक छोटा किल्ला बांधलाय. का, तर वेढ्यात शत्रूला किंवा फितूर माणसाला पाण्यात विष कालवता येऊ नये. पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावला की गारठा लागतो, ऐन मे महिन्यात सुद्धा, आणि खालून पाण्याचा वास येतो. आता त्यात कुरकुऱ्याच्या पाकिटांचा पण वास मिसळलाय हे तुम्हाला सांगायला नको. वेढ्याच्या वेळी पाण्यावर बसलेल्या पहारेकऱ्याच्या जागेत आज बाटल्या टाकलेल्या असतात, त्या पण पाण्याच्याच, हे बघून हसावं का रडावं कळत नाही.

आणि तट. गडाचा घेर सात किलोमीटरच्या वर आहे, त्यातल्या जवळपास निम्म्या भागात मूळचा कडाच तासून उभा केलाय आणि त्यावर जंग्या (बंदुकीचा मारा करायची भोकं) ठेवून भिंत चढवलीय, जिथं कडा नाही तिथं जाड दगडी तट आणि बुरूज. एवढ्या घेरावर रात्रंदिवस पहारा ठेवायचा, पावसात, आणि समोर सिद्दीच्या छावणीतले जाळ दिसतायत. तुमच्यातल्या एखाद्या ग्रुपने एक वर्ष नुसता तटावरून जमेल तेवढा फेरा मारावा आणि मग सांगावं किती माणसं लागतील ते. पुसाटी बुरजाकडे गेलात तर गडाच्या पश्चिमेचा मुलूख समोर येतो, मसाईचं पठार दिसतं, म्हणजे ज्या बाजूला तुम्ही चालणार तोच सगळा नकाशा. हे आधी बघून मग निघालात तर चालताना आपण कुठून कुठं चाललोय हे तरी समजेल, नाहीतर पुढच्याच्या टीशर्टावरचं नाव वाचत चालायचं.

राजदिंडी. महाराज निघाले ती वाट ही सांगतात. हे नाव मोहिमेच्या टीशर्टावर असतं, पण जागा बघितलेले किती? झाडीतली अडचणीची उतरंड आहे, मोठा दरवाजा, कमान असलं काही नाही, आणि नसणारच, चोरवाट ती. तिथं उभं राहिलं की पहिला विचार येतो की पालखी घेऊन भर पावसात, चिखलात, दिव्याशिवाय इथून माणसं उतरली कशी. शरण येतो असा निरोप सिद्दीला पाठवून त्याच्या चौक्या सैल पाडल्या, हे आपण वाचलेलं असतं, पण ती घसरडी वाट पायाखाली आल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. शिवा काशीद पण ह्याच मातीतला, पायथ्याच्या नेबापूरचा, महाराजांचं सोंग घेऊन दुसऱ्या पालखीत बसला आणि पकडला गेला. त्याची समाधी गडाच्या पायथ्यालाच आहे. बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार घालता ते घालाच, पण दुसरा हार कुणाच्या गाडीत असलाच तर वाट वाकडी करून तिथं पण जाऊन या, त्या पोराला तर मरायचंच आहे हे माहीत असताना पालखीत बसायचं होतं.

आता मी म्हटलं ते मागचे दोन महिने. महाराज विशाळगडावर पोचले, आपली गोष्ट तिथं संपते, टाळ्या. पण पन्हाळा त्या दिवशी पडला नव्हता. किल्लेदार त्र्यंबक भास्कर आणि गडावरचे बाकीचे लोक तिथंच होते. राजा गेला, पाऊस तसाच, वेढा तसाच, कोठारातलं धान्य रोज थोडं थोडं खाली जातंय, आणि तरी गड लढत राहिला. सप्टेंबर 1660 मध्ये महाराजांच्या सांगण्यावरून तहात गड आदिलशाहीला दिला गेला. दिला गेला, घेतला गेला नाही. सिद्दी जौहरला इतका खटाटोप करून पन्हाळा लढून मिळाला नाही आणि वर त्याच्याच दरबारात त्याच्यावर फितुरीचा संशय आला. ह्या मागे राहिलेल्या माणसांच्या नावाने एखादी घोषणा मी तरी अजून ऐकलेली नाही. तुमच्याकडे माईक असतो, मोठे स्पीकर असतात, एकदा त्र्यंबक भास्करांचं नाव त्यातून येऊ द्या.

आणि हा गड त्या एका वेढ्यापुरता पण नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज इथून राज्य करत होता, हा सगळा मुलूख तेव्हा त्याचा. भोजाने बरेच गड बांधले म्हणून आपल्याकडे दोनतीन जिल्ह्यांत कुठल्याही किल्ल्याची माहिती 'शिलाहार राजा भोज' अशीच सुरू होते. तेराव्या शतकाच्या सुरवातीला देवगिरीच्या सिंघण यादवाने त्याला हरवलं, मग बहमनी, मग आदिलशाही. आज तुम्हाला जे बांधकाम दिसतं त्यातलं बरंचसं आदिलशाहीतलं आहे, हे पण पोरांना सांगायला हरकत नाही, त्याने कुणाचं काही कमी होत नाही. पश्चिमेचा तीन दरवाजा बघा ना. एकामागे एक दारं, मधे चौक, चौकात पहारेकऱ्यांच्या ओवऱ्या, म्हणजे पहिलं दार फोडून आत आलेला माणूस चौकात सापडला की चारी बाजूंनी कोंडलाच. फारसी शिलालेख आहे आणि त्याच दरवाजात आतल्या नक्षीच्या पट्टीवर गणपती पण आहे, तो मराठ्यांच्या काळात बसवलेला. पायात शिसं ओतलंय असं सांगतात. मी बघितलंय, लोक त्या गणपतीच्या बरोबर खाली उभं राहून रील काढतात आणि वर मान करून बघत नाहीत.

1673 चा मार्च महिना तर ट्रेकवाल्यांनी विसरूच नये. कोंडाजी फर्जंद, बरोबर फक्त 60 माणसं, रात्री कडा चढून आत शिरले, शिंगं फुंकून असा गोंधळ उडवला की गडावरच्या शिबंदीला वाटलं मोठं सैन्यच आलं, आणि पन्हाळा परत आला. त्यावर तेव्हाच संस्कृत काव्य रचलं गेलं, एवढी ती गोष्ट गाजलेली. आज 60 जणांच्या ग्रुपला सकाळी बसमधून उतरवून एका रांगेत उभं करायला तुम्हाला पाऊण तास लागतो म्हणून आठवण केली, राग मानू नका.

सज्जा कोठीत संभाजीराजांचं नाव निघतं. मोगलांच्या दिलेरखानाकडून परत आल्यावर ते पन्हाळ्यावर होते, जानेवारी 1680 मध्ये महाराज आणि ते इथंच भेटले आणि ती दोघांची शेवटची भेट. एप्रिलमध्ये रायगडावर महाराजांचं निधन झालं तेव्हा संभाजीराजे इथं. सज्ज्यात उभं राहून खाली दरी बघताना हे आठवतं आणि मग फोटो काढायचं मन होत नाही, निदान माझं तरी. नंतर 1701 मध्ये स्वतः औरंगजेब इथं तळ ठोकून होता, इंग्लंडच्या राजाचा वकील विल्यम नॉरिस त्याला इथल्या छावणीत येऊन भेटला, आणि गड शेवटी पैसे चारूनच मिळाला. मग ताराराणी, 1710 च्या सुमारास करवीरची वेगळी गादी, तिचं ठाणं पन्हाळा, आणि चारच वर्षांत त्याच पन्हाळ्यावर त्यांच्या सवतीच्या, राजसबाईंच्या, बाजूने डाव उलटवून ताराराणींना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकलं. राजधानी खाली कोल्हापूरला गेली ती 1782 मध्ये. कवी मोरोपंत इथलेच, 1729 चा जन्म. सगळं एका पत्रात बसणार नाही, पण एक सांगतोच, चार दरवाजा.

कोल्हापूरकडून वर येताना चार दरवाजा नावाची जागा लागते आणि तिथं दरवाजा नाही. लोक विचारतात कुठाय दरवाजा. 1844 मध्ये गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, पिढ्यानपिढ्या गड सांभाळणारी माणसं, त्यांच्या हक्कावर गदा आली म्हणून उठली, साताऱ्याच्या रेसिडेंटला, ओव्हन्स साहेबाला, पकडून पन्हाळ्यावर कोंडून ठेवलं. इंग्रजांनी तोफा लावून तट फोडला, डिसेंबरात गड घेतला, आणि नंतर चार दरवाजा पाडून टाकला, परत कुणी दार लावून बसायला नको म्हणून. तुमच्या बस त्या पाडलेल्या दरवाजातूनच आत येतात. खिडकीतून दोन मिनिटं सांगितलं तरी चालेल, फक्त गाणी बंद करा तेवढ्या वेळापुरती.

गाण्यांचा विषय निघालाच आहे तर. पन्हाळा हे गाव आहे हो. तीनेक हजार वस्ती, शाळा आहे, दवाखाना आहे, म्हातारी माणसं आहेत, लोकांची घरं तटाला लागून आहेत. पहाटे पाचला स्पीकर लावून गर्जना केली की आपल्याला स्फुरण चढतं पण तिथल्या माणसाला ते जुलैमधल्या प्रत्येक शनिवारी रविवारी ऐकावं लागतं, एका ग्रुपचं झालं की दुसऱ्याचं. आणि तटाच्या कठड्यावर चढून झेंडा धरून व्हिडिओ, त्याबद्दल तर हात जोडतो. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ असतं, पाय कधी जाईल कळत नाही, आणि पडझड पण सुरूच आहे. 2021 च्या पावसात गडावर येणारा मुख्य रस्ताच खचला होता, गाड्या वर जायच्या बंद, गावातल्या लोकांचे किती हाल झाले ते त्यांनाच विचारा. ज्या डोंगराला डांबरी रस्ता पेलवेना त्याच्या कडेच्या साडेतीनशे चारशे वर्षांच्या भिंतीवर 20 जण एकदम उड्या मारतायत, का, तर मागे धुकं चांगलं दिसतंय.

तो पातळ पांढरा रेनकोट पण बंद करा, किटमध्ये वाटता तो. पठारावर पोचेपर्यंत फाटतो आणि करवंदीच्या जाळीत अडकून पुढच्या दिवाळीपर्यंत फडफडत बसतो. फी शंभर रुपयांनी वाढवा पण घोंगडं तरी द्या नाहीतर ज्याचा त्याने आणावा म्हणून सांगा.

11 जुलै 2025 ला युनेस्कोच्या यादीत 12 किल्ले गेले, 11 आपले आणि एक तामिळनाडूतला जिंजी, आणि त्या 11 मध्ये पन्हाळा आहे. महाराज पन्हाळ्यावरून निघाले त्या तारखेच्या बरोबर आदल्या दिवशी, हा योग पण बघा. त्या दिवशी कोल्हापुरात साखर वाटली, मी पण खाल्ली. पण गावात त्याच्या आधी बरीच खळखळ होती, नियम येणार, घरं दुकानं टपऱ्यांचं काय होणार, आम्हाला उठवणार का, आणि ती धास्ती काय एका दिवसात जात नाही. ह्यात तुमचा काय संबंध, तर संबंध असा की गर्दी तुमची. गडावर माणसं वाढली पण गडावरच्या माणसाला त्यातलं काय मिळालं तर कचरा आणि पार्किंगची भांडणं, असं झालं तर तो वारसा बिरसा शब्दाला का भीक घालेल? तुम्ही जेवण बाहेरून टेम्पोत भरून आणता, मुक्काम पुढच्या वाडीत, गडावर खर्च शून्य. तिथल्या बायका चुलीवरच्या भाकऱ्या आणि झुणका घेऊन बसलेल्या असतात, ठेचा असा की डोळ्यातून पाणी, दह्याचं मडकं वेगळं, आणि त्यांच्या समोरून तुमच्या चारशे माणसांची रांग प्लास्टिकच्या डब्यातला गार पुलाव खात जाते.

म्हणून मागणं एवढंच. मोहीम शनिवारी निघणार असेल तर माणसं शुक्रवारी सकाळी गडावर आणा. नोकरीवाल्यांना सुट्टी नसेल तर त्यांनी शुक्रवारी रात्री यावं, पण ज्यांना जमतं त्यांच्यासाठी तरी तो दिवस पोस्टरवर छापा. गावात माहिती सांगणारे लोक आहेत, त्यांना धरा, आणि फुकट नाही, ठरवून पैसे देऊन. चारशे जणांना एकदम नेऊ नका, तीस चाळीसच्या तुकड्या करा, अंधारबावीत तर दहाच जण एका वेळी, त्याच्यापेक्षा जास्त उतरले की कुणाला काही दिसत नाही नुसती ढकलाढकली. सकाळी चार दरवाजा आणि सज्जा कोठी, मग अंबरखाना, दुपारी गावातच भाकरी, उन्हं कलली (ऊन कसलं म्हणा जुलैत) की तीन दरवाजा, अंधारबाव, पुसाटी बुरूज आणि शेवटी राजदिंडी. सोमेश्वराचं तळं आणि शेजारची रामचंद्रपंत अमात्यांची समाधी वेळ उरला तर, पण उरेल, मोबाईल खिशात ठेवले की वेळ उरतो. रात्री मुक्काम गडावर, लॉज आहेत, घरगुती सोय आहे. ड्रोनवाल्याला आधीच सांगा की परवानगी लागते, केंद्राच्या पुरातत्व खात्याचं संरक्षित ठिकाण आहे, नंतर तिथं हुज्जत घालत बसू नको.

आणि रात्री जेवणं झाल्यावर पोरांना एकदा बाहेर घेऊन या, बिनस्पीकरचं, आणि फक्त वेढ्याचं सांगा. दुसऱ्या दिवसाची गोष्ट दुसऱ्या दिवशी.

ज्यांना हे पटेल त्यांनी पुढच्या वर्षीचं वेळापत्रक बनवताना मेसेज टाका. अंधारबावीसाठी मोठी बॅटरी लागते, मोबाईलच्या टॉर्चने भागत नाही, ती माझ्याकडे आहे, मी घेऊन येतो. भाकऱ्यांची ऑर्डर मात्र तुम्ही आदल्या दिवशी द्यायची, ऐनवेळी चारशे भाकऱ्या कुठलीच मावशी थापत नाही.

आपला,
एक कोल्हापूरकर